आधी गणित पूर्ण करावे की भौतिकशास्त्राबरोबर शिकावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंदूरमध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आहे. शाळा हिंदी माध्यमाची, घरची भाषा मराठी आणि आता हातात आलेली पुस्तके इंग्रजी. सिद्धता पाठ आहेत, गुणही वाईट नाहीत. पण वर्गात न सोडवलेला प्रश्न समोर आला की पहिली ओळच सुचत नाही. म्हणून पुढचे वर्ष भौतिकशास्त्र केवळ उत्तीर्ण होण्यापुरते ठेवावे, विकल समीकरणे, सदिश विश्लेषण, मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्यांचे गणित आधी पूर्ण पक्के करावे आणि मगच भौतिकशास्त्राकडे वळावे, असा विचार तुमच्या मनात आहे. तो योग्य आहे का, असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर स्पष्ट आहे: असे करू नये. इंदूरमध्ये पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत हीच योजना आखणारे एक-दोन विद्यार्थी मला भेटले. ते आळशी नव्हते. उलट वर्गातले सर्वांत प्रामाणिक तेच असत. परंतु दिवाळीपर्यंत त्यांची वही अनंत श्रेणींच्या अभिसरणाच्या कसोट्यांत अडकलेली असे. ज्यांनी नेटाने सगळी प्रकरणे संपवली त्यांना लजांद्र बहुपदींची सूत्रे आठवत, पण बाहेरच्या विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या धातूच्या गोलाभोवतीचे विभव काढताना त्यांतली पहिलीच बहुपदी का पुरते, हे त्यांना सांगता येत नसे. गणिताचे साधन ज्या अडचणीसाठी हवे असते ती अडचण आधी सोसलेली नसेल, तर मन ते साधन फार काळ जपून ठेवत नाही.

या विषयाचा इतिहासही हेच दाखवतो, मात्र तो पूर्ण वाचला पाहिजे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी १९२५ साली अणूंतून निघणाऱ्या प्रकाशाचा विचार करताना संख्यांची कोष्टके मांडली आणि त्यांच्या गुणाकाराचा एक विचित्र नियम शोधला, ज्यात क्रम बदलला की उत्तर बदलत असे. हा मॅट्रिक्सचा गुणाकार आहे, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते. ते त्यांचे ज्येष्ठ सहकारी मॅक्स बॉर्न यांनी ओळखले, कारण विद्यार्थिदशेत ते मॅट्रिक्सचे बीजगणित शिकले होते. यातला पहिला भाग सांगून पुष्कळ जण ‘गणित लागेल तेव्हा बघू’ असा निष्कर्ष काढतात. पण बॉर्न यांच्याकडे ते गणित आधीच नसते तर ती ओळख पटायला आणखी वेळ लागला असता. ‘लागेल तेव्हा बघू’ ही वृत्ती तुमच्या योजनेपेक्षाही जास्त नुकसान करते, कारण लागेल त्या दिवशी शिक्षक पुढच्या प्रकरणावर गेलेले असतात.

मग करावे काय? माझा सल्ला असा की, एकच भौतिक प्रणाली निवडावी आणि तीन-चार वर्षे पुनःपुन्हा तिच्याकडे परत यावे, दर वेळी एक नवे गणित घेऊन. त्यासाठी लंबकाइतकी चांगली प्रणाली मला दुसरी माहीत नाही. पहिल्या वर्षी त्याचे सूत्र पाठ करून आपण त्याला निरोप देतो, हीच मोठी चूक आहे. खरे तर पदवीचे जवळजवळ सर्व गणित त्या एका दोऱ्याला टांगता येते.

आज संध्याकाळीच सुरुवात करता येईल. एक मीटर दोरा घ्या, त्याला वाण्याकडच्या २०० ग्रॅमच्या वजनासारखी जड आणि लहान वस्तू बांधा आणि दाराच्या चौकटीला टांगा. लांबी टांगणीच्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजा. इंदूरचे अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची सुमारे ५५० मीटर उंची लक्षात घेतली तर येथील गुरुत्वत्वरण सुमारे ९.७९ येते, त्यावरून एका दोलनाला २.००८ सेकंद आणि २० दोलनांना सुमारे ४०.२ सेकंद लागायला हवेत. आधी ५ अंशांपासून सोडून २० दोलने मोजा, मग ३० अंशांपासून. दुसऱ्या वेळी घड्याळ सुमारे ०.७ सेकंद अधिक दाखवायला हवे. प्रत्यक्षात फरक थोडा कमी येईल, कारण हवेच्या रोधामुळे मोजता मोजताच कोन कमी होत जातो. तरीही मोबाइलमधल्या साध्या स्टॉपवॉचवर तो दिसतो.

आता विचार करा की पुस्तकातले सूत्र कोन किती आहे याची दखलच घेत नाही. मग हे ०.७ सेकंद कुठून आले? ते आपण सिद्धतेच्या तिसऱ्या ओळीत, कोनाच्या साइनच्या जागी स्वतः कोन लिहिला, तिथून आले. ३० अंश म्हणजे ०.५२४ रेडियन, आणि त्याचा साइन ०.५, म्हणजे खेचून आणणारे बल आपण सुमारे पावणेपाच टक्के जास्त धरले. साइनला कोनाच्या चढत्या घातांच्या बेरजेत मांडणाऱ्या टेलर श्रेणीचे पुढचे पद, म्हणजे कोनाचा घन भागिले सहा, राखून ठेवले तर दोलनकाळ ‘एक अधिक कोनवर्ग भागिले सोळा’ या पटीत वाढतो. कोन रेडियनमध्ये ठेवून मांडणी करा: ५ अंशांना वाढ ०.०५ टक्के, ३० अंशांना १.७ टक्के. ज्या विद्यार्थ्याने हे सोळा स्वतःच्या हाताने काढले आणि घड्याळावर पाहिले, त्याला टेलर श्रेणी पुन्हा शिकवावी लागत नाही. शिवाय बल पावणेपाच टक्क्यांनी चुकले तरी काळ केवळ पावणेदोन टक्क्यांनी का चुकला, हा प्रश्न त्याला आपोआप पडतो: दोलनकाळ बलाच्या वर्गमुळावर अवलंबून आहे, आणि लंबक सारा वेळ टोकाशी घालवत नाही.

भौतिकशास्त्राला लागणाऱ्या गणितात सर्वांत महत्त्वाचे काय, असे मला एकाच शब्दात विचारले तर मी ‘सन्निकटन’, म्हणजे लहान पदे सोडून जवळपासचे उत्तर काढणे, असे म्हणेन. विकलन-संकलनाचा क्रम त्यानंतर. काय लहान आहे, कशाच्या तुलनेत लहान आहे आणि ते सोडून दिल्याने किती चूक झाली, हे तिन्ही प्रश्न ज्याला विचारता येतात त्याला न पाहिलेल्या प्रश्नाची पहिली ओळ सुचते. आपल्या शहराच्या वेशीवरच याचे सुंदर उदाहरण आहे. सुखनिवासजवळच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ नावाचे वर्तुळाकार त्वरक यंत्र आहे. त्याचा परीघ सुमारे १७२.५ मीटर आहे आणि त्यात इलेक्ट्रॉन २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने एका सेकंदात सुमारे १७ लाख फेऱ्या मारतात. या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशापेक्षा किती कमी आहे? सापेक्षतेचे सूत्र सरळ कॅल्क्युलेटरवर चालवले तर पडद्यावर नुसती नऊंची रांग उमटते आणि कामाची माहिती शेवटच्या दोन-तीन अंकांत दडते. द्विपद विस्तार वापरा: ऊर्जेचे स्थिर ऊर्जेशी गुणोत्तर सुमारे ४,९००, त्याच्या वर्गाच्या दुपटीचा व्यस्त सुमारे २.१ भागिले दहा कोटी, आणि त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उत्तर येते सेकंदाला सुमारे ६ मीटर. एक चपळ मुलगा मैदानावर धावतो तेवढाच काय तो फरक. विस्ताराच्या एका पदाने ही गोष्ट कागदावर चार ओळींत कळते.

लंबकाकडे परत येऊ. लहान कोनाचे समीकरण हे तुमचे पहिले विकल समीकरण. ते साइन-कोसाइनने सोडवा, मग ऊर्जेच्या अक्षय्यतेने सोडवा आणि तिसऱ्यांदा संमिश्र घातांकाने सोडवा. हवेचा रोध मिळवला की पहिली पद्धत किचकट होते आणि तिसरी सोपीच राहते. संमिश्र संख्या कशासाठी शिकायच्या याचे उत्तर तिथे मिळते. एक सावधगिरी मात्र घ्या. संमिश्र उत्तराचा वास्तव भाग शेवटी घेण्याची मुभा समीकरण रेषीय आहे म्हणून मिळते. ऊर्जा काढताना वर्ग करावा लागतो, तेव्हा आधी वास्तव भाग घ्यावा आणि मग वर्ग करावा. दरवर्षी चांगल्या चांगल्या उत्तरपत्रिकांत मी ही चूक पाहिली आहे.

मॅट्रिक्सचे आयगेन मूल्य हे प्रकरण बहुतेकांना रुक्ष वाटते, कारण ते गणिताच्या तासाला तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या निरर्थक अंकांवर शिकवले जाते. ते असे शिका. दोन खिळ्यांमध्ये एक आडवा दोरा किंचित सैल बांधा आणि त्यावर सारख्या लांबीचे दोन लंबक टांगा. एकाला झोका द्या, दुसरा स्थिर ठेवा. थोड्या वेळाने पहिला थांबतो, दुसरा जोरात झुलतो. मग दुसरा थांबतो आणि पहिला पुन्हा झुलू लागतो. ही देवाणघेवाण पाहून गोंधळ वाटतो. आता दोन्ही एकाच बाजूला ओढून एकदम सोडा: देवाणघेवाण बंद होते. दोन्ही विरुद्ध बाजूंना ओढून सोडा: याही वेळी ती होत नाही, पण ठेका थोडा बदलतो. प्रणालीच्या गोंधळात लपलेल्या या दोन शुद्ध चाली म्हणजेच आयगेन सदिश. कागदावर काम सोपे व्हावे म्हणून दोन लंबकांमध्ये एक कमकुवत स्प्रिंग आहे असे धरा आणि दोन समीकरणे मांडा. मॅट्रिक्सचे कर्णावरचे दोन्ही घटक सारखे येतील आणि बाकीचे दोन ऋण व सारखे. त्याचे आयगेन सदिश ‘एक, एक’ आणि ‘एक, ऋण एक’ आहेत हे आकडेमोड करण्याआधीच, सममितीवरून सांगता येते. पहिल्या चालीत स्प्रिंग ताणलीच जात नाही, म्हणून वारंवारता एकट्या लंबकाचीच राहते. दुसऱ्या चालीत स्प्रिंग दुपटीने ताणते, म्हणून कोनीय वारंवारतेच्या वर्गात स्प्रिंगच्या स्थिरांकाला वस्तुमानाने भागून आलेल्या संख्येची दुप्पट मिळते. हे प्रकरण ज्या दिवशी तुम्हाला असे दिसेल, त्या दिवशी क्वांटम यांत्रिकीचा निम्मा पाया घातला गेला असे समजा. कारण तिथेही प्रश्न हाच आहे: कोणत्या अवस्था आपले रूप न बदलता टिकतात आणि त्यांचा ठेका काय?

दोनाऐवजी शंभर लंबक घेतले की तरंग आणि फूरिये श्रेणी येतात. त्याविषयी इथे लांबवत नाही, कारण दोन लंबक नीट समजलेल्या विद्यार्थ्याला तो विस्तार जड जात नाही.

दुसरी मोठी अडचण तुम्हाला दुसऱ्या वर्षी विद्युतचुंबकत्वात येईल, आणि ती म्हणजे ग्रेडियंट (एखादी राशी कोणत्या दिशेने किती वेगाने वाढते), डायव्हर्जन्स (क्षेत्र एखाद्या बिंदूतून किती बाहेर पसरते) व कर्ल (ते त्या बिंदूपाशी किती फिरवते). या तिन्हींची सूत्रे पाठ करण्यापूर्वी तीन-चार क्षेत्रे स्वतःच्या हाताने हाताळावीत. एका अक्षाभोवती कठीण चकतीसारखे फिरणारे पाणी घ्या: त्याचा कर्ल सर्वत्र सारखा आणि कोनीय वेगाच्या दुप्पट येतो. ही दुप्पट का, हे शोधण्यात एक संध्याकाळ घालवा. नंतर असे पाणी घ्या ज्याचा वेग अक्षापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो: ते अक्षाभोवती फिरते आहे हे डोळ्यांना दिसते, तरीही अक्ष सोडून सर्वत्र त्याचा कर्ल शून्य. कर्ल म्हणजे ‘गोल फिरणे’ ही समजूत इथे मोडते, आणि ती लवकर मोडलेली बरी. कर्ल त्या जागी ठेवलेल्या इवल्याशा भिंगरीला विचारतो की तू स्वतःभोवती फिरतेस का.

याच जातीचा, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न व्यस्त-वर्ग क्षेत्राचा आहे. त्याचा डायव्हर्जन्स गोलीय निर्देशकांत काढा. उत्तर शून्य येते. मग मूळ बिंदूभोवती कोणत्याही त्रिज्येचा गोल काढून त्यातून बाहेर पडणारा फ्लक्स, म्हणजे क्षेत्राचा एकूण प्रवाह, काढा. उत्तर ४π येते, त्रिज्या काहीही असो. गाउसच्या प्रमेयानुसार आतल्या डायव्हर्जन्सची बेरीज बाहेर पडणाऱ्या फ्लक्सइतकी असते, म्हणून या दोन उत्तरांचा मेळ बसला पाहिजे, आणि तो बसत नाही. इथे अनेक विद्यार्थी वही मिटतात. तुम्ही मिटू नका, कारण याच फटीतून डिरॅकचे डेल्टा फल आत येते: डायव्हर्जन्स सर्वत्र शून्य आहे, फक्त मूळ बिंदू सोडून, आणि सगळे ४π त्या एका बिंदूत साठलेले आहेत. बिंदुभार म्हणजे काय, याचे नेमके गणिती वर्णन तेच.

आता इंडस-२ मध्ये आणखी एकदा डोकावू, कारण वर आलेल्या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र भेटतात. लाखो फेऱ्या मारणारा इलेक्ट्रॉन ठरलेल्या कक्षेतून जरासा ढळला तर त्याला परत आणावे लागते, नाहीतर तो नळीच्या भिंतीवर आदळेल. हे काम चार ध्रुवांचे चुंबक करतात. मध्यापासून जितके दूर, तितके क्षेत्र अधिक. मनात येते की दोन्ही दिशांनी आत ढकलणारा एकच चुंबक का बनवू नये? उत्तर कर्लमध्ये आहे. नळीच्या आत चुंबकक्षेत्राचा कर्ल शून्य असला पाहिजे, आणि ती एकच अट लावली की आडव्या दिशेने आत ढकलणारा चुंबक उभ्या दिशेने तितकेच बाहेर ढकलतो. वहीत तीन ओळींचे हे काम आहे; करून पाहा. मग मार्ग काय, तर एक चुंबक आडव्या दिशेने आत ढकलणारा, पुढचा उभ्या दिशेने, अशी आलटून-पालटून मांडणी. प्रत्येक पातळ चुंबक म्हणजे दोन ओळींचा एक मॅट्रिक्स, मधली मोकळी जागा म्हणजे दुसरा मॅट्रिक्स, आणि पूर्ण मांडणी म्हणजे त्यांचा गुणाकार. गुणाकाराच्या कर्णावरील घटकांची बेरीज दोन वजा ‘दोन चुंबकांतील अंतराचा वर्ग भागिले नाभीय अंतराचा (चुंबक समांतर किरण जिथे एकत्र आणतो तिथवरच्या अंतराचा) वर्ग’ इतकी येते, आणि ती ऋण दोन व धन दोन यांच्या मध्ये असली तरच इलेक्ट्रॉन टिकतो. म्हणजे दोन चुंबकांतील अंतर नाभीय अंतराच्या दुपटीहून कमी हवे. इलेक्ट्रॉनची ही ये-जा म्हणजे तुमचा लंबकच आहे, केवळ त्याला खेचणारे बल जागोजाग बदलते. अशा समीकरणाला हिल यांचे नाव आहे, आणि त्यांनी ते एकोणिसाव्या शतकात चंद्राच्या गतीसाठी मांडले होते. मी विद्यार्थ्यांना केंद्राच्या भेटीला नेत असे तेव्हा आदल्या आठवड्यात हा गुणाकार त्यांच्याकडून करून घेत असे. ज्यांनी तो केला होता त्यांचे प्रश्न वेगळे असत आणि तिथले शास्त्रज्ञही त्यांच्यापाशी अधिक वेळ थांबत.

भाषेविषयी तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, पण इंदूर-देवासच्या मराठी घरांतल्या मुलांसाठी तो मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. शाळेत तुम्ही ‘द्रव्यमान’ शिकलात, मराठी पुस्तकात ते ‘वस्तुमान’ आहे. ‘आवृत्ति’ ही मराठीत ‘वारंवारता’ होते, ‘तरंगदैर्ध्य’ ही ‘तरंगलांबी’, ‘अवकलन’ हे ‘विकलन’. विद्युत ‘आवेश’ तर मराठी कानाला भलताच वाटतो; आपण त्याला ‘प्रभार’ म्हणतो. आणि आता इंग्रजी शब्दांचा तिसरा थर आला. याने खचू नका. वहीच्या शेवटी तीन रकान्यांचा एक तक्ता ठेवा आणि चौथ्या रकान्यात त्या राशीचे एकक लिहा. एकक तिन्ही भाषांत एकच असते आणि शब्द चुकला तरी तेच तुम्हाला सावरते. परीक्षा ज्या भाषेत द्यायची त्या भाषेत लिहिण्याचा सराव जरूर करा, पण विचार ज्या भाषेत मोकळेपणाने चालतो त्या भाषेत तो चालू द्या. घरी आईला किंवा आजीला मराठीत समजावून सांगता आले नाही, तर ते प्रकरण अजून कच्चे आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो.

सिद्धता पाठ असूनही प्रश्न सुटत नाही, या तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. पदवीच्या प्रश्नपत्रिकांत तीच ती दहा-बारा दीर्घोत्तरे फिरून येतात, त्यामुळे पाठांतराला गुण मिळतात आणि आपण शिकलो असा भास होतो. मी स्वतः विद्यार्थी असताना असाच शिकलो आणि एम.एस्सी.ला आल्यावर त्याची किंमत मोजली. हायड्रोजनच्या अणूची संपूर्ण सिद्धता मला लिहिता येत असे, पण इलेक्ट्रॉनच्या जागी म्युऑन हा त्याच्यासारखाच, पण जड कण ठेवला तर अणूचा आकार किती होईल, हे सांगता आले नाही. म्युऑन सुमारे २०७ पट जड असतो, म्हणून आकार साधारण तितक्याच पटीने लहान होतो, आणि क्षीण वस्तुमान (केंद्रकही थोडे हलते हे लक्षात घेणारे ‘रिड्यूस्ड मास’) नीट धरले तर ही पट सुमारे १८६ येते. इतकाच तो प्रश्न होता. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, ती तुम्हालाही सांगतो. प्रत्येक सिद्धता संपल्यावर पुस्तक मिटून त्यातली एक गोष्ट बदलावी. दोरा ताणला जाणारा असेल तर? लंबक वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये असेल तर? वस्तुमान शून्याकडे नेले, लांबी अनंताकडे नेली, तर उत्तर शहाण्यासारखे वागते का? सिद्धतेतली कोणती ओळ आधी मोडते, हे शोधताना सिद्धता खऱ्या अर्थाने आपली होते.

न सुटणाऱ्या प्रश्नाशी किती वेळ झुंजावे, हेही ठरवून ठेवा. एक तास प्रामाणिकपणे द्यावा: चित्र काढावे, राशींची एकके तपासावीत, एखादे सोपे टोक घेऊन उत्तराचा अंदाज करावा. तासाभरानंतरही काही हलले नाही तर उत्तर पाहण्यात कमीपणा नाही, परंतु ते पाहून लगेच मिटावे आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा लिहावे. आठवड्यात असे पाच प्रश्न पूर्ण केले तर वर्षाला अडीचशे होतात, आणि पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅमसारखी परीक्षा द्यायची असेल तर तिची बरीचशी तयारी त्यातच होते.

संगणकाचा उपयोग पहिल्या वर्षापासून करा, मात्र हाताने केलेल्या कामाची तपासणी म्हणून. पायथॉनमध्ये वीस ओळींत लंबक चालवता येतो. ऑयलरची साधी पद्धत वापरा, काळाची पायरी ०.०१ सेकंद घ्या आणि एक मीटरच्या लंबकाची ऊर्जा छापत जा; एकाच दोलनात ती सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेली दिसेल, जणू कोणीतरी लंबकाला ढकलते आहे. मग एकच बदल करा: नवा कोन काढताना जुना कोनीय वेग न घेता आत्ताच काढलेला नवा घ्या. ऊर्जा थोडी वरखाली होईल, पण वाढत जाणार नाही. एका ओळीच्या अदलाबदलीने हे का घडले, हे समजून घेण्यासाठी पुन्हा तोच दोन ओळींचा मॅट्रिक्स आणि त्याचा निर्धारक लागतो: पहिल्या पद्धतीत तो एकाहून मोठा आहे, दुसऱ्यात बरोबर एक.

काय मागे ठेवता येईल, हेही सांगायला हवे, कारण दिवसाचे तास मोजकेच असतात. सीमांच्या काटेकोर सिद्धता, गटसिद्धांत आणि टेन्सरचे सामान्य स्वरूप हे सगळे सुंदर आहे, परंतु पदवीची पहिली दोन वर्षे त्यावाचून अडत नाहीत. सन्निकटन, रेषीय विकल समीकरणे, दोन-तीन ओळींचे मॅट्रिक्स आणि सदिश विश्लेषण यांत मात्र हात सराईत हवा. तिथे ‘समजले’ एवढ्यावर थांबू नका, गुणाकाराच्या पाढ्यांसारखा सराव करा. रोज अर्धा तास निव्वळ आकडेमोडीला द्या आणि बाकीचा वेळ भौतिकशास्त्राला. ज्या आठवड्यात विद्युतचुंबकत्वात गाउसचा नियम येतो त्याच आठवड्यात गाउसचे प्रमेय करा, महिनाभर आधी नको आणि महिनाभर नंतरही नको. महाविद्यालयाचा गणिताचा तास वेगळ्या क्रमाने चालत असेल तर त्याच्याशी भांडू नका. तिथे शिकलेले वहीच्या एका बाजूला नोंदवून ठेवा आणि त्याची पाळी आली की उघडा.

पुढच्या सुट्टीसाठी एक काम देतो. दोऱ्याऐवजी हलकी, ताठ काठी वापरा म्हणजे मोठ्या कोनातही लांबी कायम राहते, आणि लंबक ६० अंशांपासून सोडा. ‘कोनवर्ग भागिले सोळा’ हे पद दोलनकाळात ६.९ टक्के वाढ सांगते. संगणक मात्र ७.३ टक्के सांगेल. उरलेला फरक पुढच्या पदाचा आहे, ज्यात कोनाचा चतुर्थ घात येतो आणि त्याचा गुणक ११ भागिले ३०७२ आहे. ऊर्जेच्या समीकरणापासून सुरुवात करून, संकलनातील पदांचा विस्तार करून, हे अकरा आणि हे तीन हजार बाहत्तर स्वतः काढा. साधारण दोन पाने लागतील, आणि पहिल्यांदा बहुधा चुकेल. चूक कुठे झाली ते सापडले की ती दोन्ही पाने जपून ठेवा आणि मग मला दाखवा.